गाणं मध्येच थांबवून बघा

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवतात. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे आहे, दोन वर्गांच्या मध्ये नुसतं पार्टिशन. गेल्या वर्षापासून त्या जवळजवळ सगळंच गाण्यातून घेतात. पाढे, मराठी महिने, दिशा, भाज्यांचे प्रकार, इंग्रजी शब्द. काही गाणी मोबाइलवरची, काही स्वतः जुळवलेली. मुलं खूश आहेत, हजेरी सुधारली आहे. मध्यंतरी केंद्रप्रमुखांची (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) भेट झाली. त्यांनी चौथीतल्या एका मुलीला विचारलं, ‘सात सक किती?’ तिने मान खाली घातली, ओठ हलवत ‘सात एके सात’पासून सुरुवात केली आणि मग ‘बेचाळीस’ म्हणाली. दुसऱ्या मुलाला पूर्व दिशा विचारली, तर त्याने फळ्याकडे बोट दाखवलं. भेट संपल्यावर मुख्याध्यापक सर म्हणाले, ‘गाणी कमी करा, अभ्यास घ्या.’ एका पालकानेही सुनावलं, ‘पोरं गाणी म्हणायला पाठवत नाही आम्ही.’ पत्रलेखिका विचारतात: गाणी बंद करू का? माझा आवाजही काही गाण्याचा नाही. उगाच हौस केली का?

ताई,

त्या मुलीपासून सुरुवात करू. तिला सात सक बेचाळीस आलं. उशिरा आलं, खालून चढत आलं, पण बरोबर आलं. आणि साहेबांसमोर उभं राहून, घाबरून गप्प न बसता, तिने ते स्वतःचं स्वतः शोधून काढलं. मी तिथे असते तर आधी तिला शाबासकी दिली असती. आता अडचण काय आहे ते बघू. सातच्या पाढ्याला तिच्यासाठी एकच दार आहे आणि ते ‘सात एके सात’ला उघडतं. मधून आत शिरायला तिला कोणी शिकवलेलं नाही.

हा गाण्याचा स्वभावच आहे. चालीत बांधलेली प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला हाक मारते, मागच्या ओळीला मारत नाही. खोटं वाटत असेल तर सरांनाच विचारा, ‘मार्गशीर्षाच्या आधी कोणता महिना?’ बहुतेक मोठी माणसंही चैत्रापासून किंवा निदान श्रावणापासून गाडी सोडतात. तेव्हा तुमच्या वर्गात जे दिसलं ते गाण्याचं अपयश नाही आणि तुमच्या हौसेचंही नाही. क्रम लक्षात ठेवणं हे गाण्याचं काम, ते त्याने चोख केलं. पुढचं काम गाण्याचं नव्हतंच, ते तुमचं होतं.

तुमच्या पत्रात (आणि सरांच्या बोलण्यात) एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती मला खटकली. एका बाजूला गाणी, दुसऱ्या बाजूला अभ्यास, आणि यातलं एक वाढवायचं तर दुसरं कमी करायचं. आपल्याकडे अशी वाटणी पूर्वी कधी नव्हती. तिन्हीसांजेला दिवा लागला की घराघरांतून परवचा चालायचा. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, सगळं हेल काढून, तालात. आज तक्रार करणाऱ्या पालकांचे आजोबा-पणजोबा असेच शिकले असतील. पण त्याच पोराला दुसऱ्या दिवशी दुकानावर बसवत, बाजारात धाडत, आणि तिथे कोणी ‘पावणे एके’पासून ऐकून घ्यायला थांबत नसे. गिऱ्हाईक समोर उभं, अडीच शेराचे किती ते आत्ता सांग. परवचा आणि बाजार मिळून ते शिक्षण पुरं व्हायचं. तुमच्या वर्गात परवचा आहे, बाजार राहिला आहे.

तो कसा आणायचा? एक साधी सवय लावून घ्या: कुठलंही गाणं मुलांना पक्कं आलं की त्या दिवसापासून ते सरळ शेवटपर्यंत म्हणायचं नाही. मध्येच हात वर करायचा, सगळे गप्प, आणि एकाला विचारायचं, ‘कुठे आलो?’ कधी ‘सात पंचे पस्तीस’पासूनच सुरुवात करायची. कधी तुम्ही ‘सात आठी’ म्हणून थांबायचं आणि पुढचा शब्द मुलांनी टाकायचा. कधी पाढा उलटा उतरायचा, सत्तर, त्रेसष्ट, छप्पन्न, हळूहळू, चाल मोडली तरी चालेल. खरं तर चाल मोडलीच पाहिजे. शेवटी मुलाच्या डोक्यात ‘सात सक’ म्हटल्यावर बेचाळीस नुसतं उभं राहायला हवं, सूर न लागता.

सोबत चिंचोके घ्या. सात-सात चिंचोक्यांच्या रांगा जमिनीवर मांडायच्या आणि एकेक ओळ म्हणताना एकेक रांग वाढवायची. पाच रांगा झाल्या की थांबा. पस्तीस. आता अजून एक रांग ठेवली तर? इथे मूल पाढा म्हणत नाही, पस्तिसात सात मिळवतं. ज्याला हे जमलं तो सात सक विसरला तरी अडत नाही, कारण सात पंचे पस्तीस सहसा कोणी विसरत नाही. मग त्याच मांडणीभोवती फिरून दुसऱ्या बाजूने बघायला लावा: सहा-सहाच्या सात ओळी दिसतात. सहा साती बेचाळीस. ही गोष्ट कुठल्याही गाण्याला सांगता येणार नाही. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं तेव्हा साधनं अशीच होती, आसपास सापडणाऱ्या बिया, पानं, शंख-शिंपले. 1945 साली जे परवडलं ते आजही परवडतं.

दुसरी एक गोष्ट जरा कडू आहे. सगळा वर्ग एका सुरात गातो तेव्हा कान सुखावतो आणि वाटतं, सगळ्यांना येतं. तसं नसतं. समूहात चार-पाच मुलं पुढे असतात, बाकीची त्यांच्या मागून अर्धा शब्द उशिरा तोंड हलवत असतात. ओळीचा शेवटचा अक्षरखंड मात्र सगळे दणक्यात म्हणतात, म्हणून फसगत होते. पुढच्या वेळी गाणं चालू असताना फळ्यापाशी उभ्या राहू नका. मुलांमधून फिरा, एकेकाच्या तोंडाजवळ कान न्या. कोण आधी म्हणतंय, कोण मागून येतंय, कोण नुसता ‘आ’ करतोय हे एका फेरीत कळेल. ज्यांना गायला आवडत नाही अशीही मुलं असतात. त्यांना डबा वाजवू द्या, चिंचोके मांडू द्या, ओळी लिहिलेल्या पट्ट्या धरू द्या. गायलाच पाहिजे अशी सक्ती नको.

आता तो फळा. मुलाने पूर्व म्हणून फळ्याकडे बोट दाखवलं यात त्याची काही चूक नाही. दिशांचं गाणं बहुधा नेहमी वर्गात, जागेवर उभं राहून, फळ्याकडे तोंड करून झालं असणार. ‘समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण’, आणि समोर होता फळा. मूल हाताच्या खुणेसकट गाणं शिकलं, अगदी जसंच्या तसं. ते गाणं आता पटांगणात घ्या. सकाळी परिपाठानंतर सूर्याकडे तोंड करून. मग तेच दुपारच्या सुट्टीनंतर, सूर्य पश्चिमेला कलल्यावर. मुलं सवयीने सूर्याकडे तोंड करतील आणि गाणं चुकेल. ते चुकू द्या. भांडू द्या त्यांना. ‘बाई, सकाळी तर डाव्या हाताला देऊळ होतं!’ असं कोणीतरी म्हणेल, आणि तिथे दिशा शिकवून झाली. नंतर देऊळ, पाण्याची टाकी, एसटीचा थांबा यांच्या जागा घेऊन मुलांनीच नवं कडवं करावं. तिसरीच्या नकाशाच्या धड्याला ते थेट उपयोगी पडेल.

भाज्यांच्या गाण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने नाही. तुम्ही पाठवलेल्या ओळींमध्ये गाजर, मुळा आणि बटाटा एका दमात ‘जमिनीखालची मुळं’ म्हणून आले आहेत. बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. त्याला डोळे असतात, त्यातून कोंब फुटतात. यमक जुळवताना असं होतं, कोणाचंही होतं. पण फळ्यावरची चूक पुसता येते, चालीत बसलेली चूक निघता निघत नाही. त्यामुळे स्वतः गाणं रचलंत की वर्गात नेण्याआधी ते चाल न लावता, गद्यासारखं, एकदा मोठ्याने वाचा. नाहीतर सरांना वाचायला द्या. आणि आत्ताच्या गाण्याचं काय, तर ते मुलांकडूनच दुरुस्त करून घ्या. टोपलीत कोंब आलेला बटाटा, आलं, गाजर आणि मुळा घेऊन जा, डोळे शोधायला सांगा, आणि विचारा, ‘आपलं गाणं बरोबर आहे का?’ गाण्यातली चूक आपण पकडली याचा मुलांना इतका आनंद होतो की नवी ओळ ती विसरणार नाहीत.

भाषेसाठी तर गाण्यासारखं दुसरं साधन नाही, आणि गंमत म्हणजे तुमच्या पत्रात भाषेची गाणी सगळ्यात कमी आहेत. मोबाइल बाजूला ठेवा आणि वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजीला बोलवा. हादग्याचं ‘अक्कणमाती चिक्कणमाती’ तिला येत असेल. विदर्भ-खानदेशाकडे असाल तर भुलाबाईची गाणी निघतील. अक्कणमातीचं एकच गाणं आठवडाभर पुरेल. माती येते, मग खड्डा खणायचा, जातं रोवायचं, सपीटी काढायची, करंज्या करायच्या, तबकात ठेवायच्या, शेल्याने झाकायच्या, पालखीतून माहेरी धाडायच्या. घटनांचा क्रम मुलांना आपोआप मिळतो. ओळी पट्ट्यांवर लिहा, पट्ट्या पिसून टाका आणि लावायला सांगा. पाठ असलेलं गाणं मुलं कागदाकडे न बघता ‘वाचतात’. पिसलेल्या पट्ट्या लावताना मात्र खरोखर वाचावंच लागतं.

पण त्याहून मोठा ऐवज एका छोट्या शब्दात दडला आहे. अश्शी माती, अस्सा खड्डा, अस्सं जातं, अश्शा करंज्या. मराठीचं लिंग-वचन एवढ्या चार घासांत कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकाने भरवलं आहे? ज्यांच्या घरी मराठीपेक्षा वेगळी बोली आहे, त्या मुलांना ‘तो, ती, ते’ फार छळतं. त्यांना नियम सांगून उपयोग नाही. गाण्याच्या साच्यात नवे शब्द घालायला द्या. घागर, बैल, पुस्तक, चपला, विहीर, वासरू. ‘अस्सा घागर’ म्हटलं की वर्गच हसून दुरुस्त करतो. त्याच सपाट्यात ‘खणावा, रोवावं, काढावी, कराव्या’ हेही बसतं. मग भात कसा लावतात, चहा कसा करतात, सायकलचं पंक्चर कसं काढतात हे मुलं त्याच साच्यात रचतील आणि ते वहीत लिहून काढतील. लेखनाचा तास निराळा घ्यायला नको.

आता या गाण्याचा शेवट. ‘अस्सं सासर द्वाड बाई, कोंडूनी मारीतं.’ काही जण हे कडवं गाळतात. मी गाळणार नाही, पण मुलांकडून टाळ्या वाजवत ते म्हणवून घेऊन पुढेही जाणार नाही. हे कोण गात होतं? लहान वयात लग्न झालेल्या मुली, वर्षातून काही दिवस खेळायला मिळणाऱ्या. चौथीच्या मुलांना हे कळतं. बोलू द्या त्यांना, पण कोणाच्या घरात काय चालतं हे भर वर्गात उकरू नका. एखादं मूल स्वतःहून काही सांगून गेलं, तर त्याच्याशी नंतर, एकट्याशी बोला.

इतिहासातही हेच. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक आहे म्हटल्यावर पोवाडा आलाच. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आपल्याकडचा अगदी जुना पोवाडा मानतात; प्रसंग 10 नोव्हेंबर 1659 चा, प्रतापगडाचा. डफावर घ्या, मुलांच्या अंगावर काटा येईल. मात्र डफ खाली ठेवल्यावर एक प्रश्न विचारा: शाहीर हे कोणासमोर गात असेल? त्याला बक्षीस कोण देणार? शाहिरी ही ऐकणाऱ्यांसाठी असते, तिथे सैन्याचे आकडे आणि वार यांचं वजन वाढतं, हे दहा वर्षांच्या मुलाला पटतं. महात्मा फुल्यांनीही 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, तो वेगळ्याच अंगाने. दोन शाहिरांना एकच राजा दोन प्रकारे दिसतो, इतकं चौथीत पुरे.

आणखी एक सुचवते. मृगापासून हस्तापर्यंतची पावसाची नऊ नक्षत्रं गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ओळीने येतात. त्यांचं गाणं करा, पण पाठ करून सोडू नका. सरळ उभ्या भिंतीची एक बरणी उघड्यावर ठेवा, रोज पट्टीने पाणी मोजा आणि नक्षत्रवार तक्ता भरा, हस्तापुढे चित्रा-स्वातीपर्यंत. ‘पडतील स्वाती, पिकतील मोती’ खरं की खोटं ते बरणी आणि शेत मिळून सांगतील, आणि गणित, परिसर अभ्यास, मराठी एकाच तक्त्यावर येतील.

इंग्रजी गाण्यांबद्दल थोडक्यात: अर्थ न कळता म्हटलेलं गाणं म्हणजे एक लांबलचक शब्द असतो, तो कुठे तुटतो ते मुलाला माहीत नसतं. उठा, बसा, दार उघडा, मागे वळा अशा कृतींचीच गाणी घ्या आणि मध्येच कृतींचा क्रम बदला. जो फसला त्याला शब्द कळले नव्हते.

आवाजाची काळजी सोडा. मुलांना गायिका नको असते. सूर तुम्ही लावलात तर तो त्यांना बहुधा खाली पडतो, म्हणून एखाद्या मुलालाच सुरुवात करू द्या आणि त्याच्या मागे जा. मोबाइलवरच्या गाण्याबद्दल माझी तक्रार इतकीच की ते थांबत नाही. त्यात संगीत असतं, चित्रं असतात, मुलं बघत बसतात आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. शिवाय ते तुमच्या वर्गापेक्षा वेगाने पळतं. चाल बसेपर्यंत एक-दोनदा लावा, मग फोन बंद.

राहिले सर. मला वाटतं त्यांचा राग गाण्यावर कमी आणि पार्टिशनवर जास्त असावा. पलीकडे ते पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला बसवतात आणि इकडून पाढा घुमतो, कोणीही वैतागेल. त्यांच्याशी वेळ ठरवून घ्या. रोजची दहा मिनिटं चारही वर्गांचं एकत्र गाणं, ते त्यांनीच घ्यावं असं सुचवा. तुमच्याकडे बाकीच्या वेळेला ‘मनातलं गाणं’ ठेवा. ओठ बंद, बोटाने मांडीवर ताल, पाढा मनात चालू. तुम्ही टिचकी वाजवलीत की ज्याचं नाव घ्याल त्याने आपण कुठवर आलो ते सांगायचं. आवाज शून्य, आणि कोण तालात होतं, कोण मध्येच सुटलं हे लगेच उघडं पडतं. माझ्या मते हा खेळ मोठ्याने गाण्यापेक्षा जास्त शिकवतो.

पालकांना गाणी गाऊन दाखवू नका, त्यांचा समज पक्का होईल. पुढच्या पालकसभेला किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला शाळेतच छोटा बाजार लावा. भाजी गावातलीच, वजनकाटा कोणाच्या तरी दुकानातला. विकायला तिसरी-चौथीची मुलं, घ्यायला आईबाप. अडीच किलो कांदे, पावशेर मिरच्या, पन्नासची नोट, सुटे किती परत. ज्या पालकांनी सुनावलं त्यांना मुद्दाम गिऱ्हाईक करा आणि त्यांच्यासमोर त्यांचंच पोरगं बसवा. मात्र हे पुढच्या आठवड्यात करू नका. मधून आत शिरायचा सराव दीड-दोन महिने होऊ द्या, नाहीतर गिऱ्हाईक उभं राहील आणि पोरगं ‘एके’पासून सुरू करेल.

तोपर्यंत वहीचं एक पान राखून ठेवा. मुलांची नावं उभी, गाणी आडवी, आणि प्रत्येक चौकोनात तीनच खुणा: सुरुवातीपासून येतं, मधून येतं, न गाता येतं. रोज दोन-तीन मुलांना विचारलंत तरी पान भरत जाईल. केंद्रप्रमुख पुन्हा आले की त्यांच्यापुढे ते पान ठेवा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलायची वेळ आली तरी तेच पान न्या. तुमच्यासारखी गाणी घेणाऱ्या बाई तिथे आणखीही असतील, आणि मुलं ‘एके’पासून सुरू करतात ही अडचण त्यांचीही असणार.